नदीत नसलेले पाणी वाटू नका : संयुक्त राष्ट्रांच्या जलपरिषदेतील प्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या २०२६ च्या जलपरिषदेस उपस्थित राहणारे सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी

महोदया, महोदय,

डिसेंबर २०२६ मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि सेनेगल यांच्या यजमानपदाखाली आपण अबुधाबीत पाण्यासाठी एकत्र येणार आहात. पाणी या विषयावर संयुक्त राष्ट्रांनी पहिली परिषद भरवली ती १९७७ साली, अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे. त्या तोलामोलाची दुसरी परिषद भरायला २०२३ चा मार्च उजाडावा लागला. मधल्या शेहेचाळीस वर्षांत हवामानबदलावरच्या परिषदा दरवर्षी भरू लागल्या, पण पाण्याची पाळी काही आली नाही. न्यूयॉर्कच्या त्या दुसऱ्या परिषदेतून सातशेहून अधिक वचनांची यादी निघाली. ती सारी ऐच्छिक होती, त्यामुळे वचन मोडल्यास पुढे काय, हा प्रश्नच उपस्थित होत नव्हता. मी कोणत्याही शासनाचा किंवा संस्थेचा प्रतिनिधी नाही. पाणीवाटपाचे करार आणि त्यांच्या अंमलबजावणीचे अहवाल अनेक वर्षे वाचत आलेला एक सामान्य वाचक आहे, आणि त्या वाचनातून जे दिसले त्याच्या आधारावर आपल्यापुढे एकच मागणी ठेवतो आहे. नवी वचने आणू नका, हिशेब आणा. आपल्या नदीत, सरोवरात आणि जमिनीखाली प्रत्यक्षात किती पाणी आहे, कागदावर किती वाटून झाले आहे आणि या दोन आकड्यांमधली तूट आजवर कोणी सोसली, एवढे प्रत्येक देशाने मोकळेपणाने सांगावे.

ही मागणी कारकुनी वाटेल याची मला कल्पना आहे. जगात आजही सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतून मिळणारे पिण्याचे पाणी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची ताजी आकडेवारी सांगते. अशा वेळी जमाखर्चाच्या वह्या काय मागायच्या, असे कोणी म्हणेल. पण हाच आकडा थोडा उलगडून पाहावा. माणशी दररोज ५० लिटर धरले तरी या सगळ्या लोकांची वर्षाची गरज सुमारे ३,८०० कोटी घनमीटर भरते, आणि जगभरात नद्या, सरोवरे व भूजल यांतून दरवर्षी उचलले जाणारे गोडे पाणी सुमारे चार लाख कोटी घनमीटर आहे. म्हणजे गरज उपशाच्या एक टक्का. त्या उपशातले ७० टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीकडे जाते आणि उरलेले कारखाने, वीजनिर्मिती व शहरांकडे. पृथ्वीवर पाणी कमी पडल्यामुळे ही माणसे तहानलेली आहेत असे म्हणणे म्हणूनच खरे नाही. पाणी आहे, कोणाला आधी, किती आणि कोणाच्या सहीने, हे ठरवण्याच्या रीतीत खोट आहे. २८ जुलै २०१० रोजी आमसभेने पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मान्य केला तेव्हा ठरावाच्या बाजूने १२२ मते पडली, विरोधात एकही पडले नाही आणि ४१ देश तटस्थ राहिले. हक्क मान्य झाला, पण तो कोणत्या खात्यातून भागवायचा ते मात्र लिहिले गेले नाही.

ते लिहून ठेवता येते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेने त्याआधी बारा वर्षे घालून दिले होते. तिथल्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्याने जमिनीच्या मालकीला चिकटलेली पाण्याची मालकी संपवली आणि माणसांच्या मूलभूत गरजा व नदीचे स्वतःचे जगणे या दोन गोष्टींसाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढून ठेवण्याचे बंधन घातले. त्याला ते ‘राखीव’ म्हणतात. वाटप होते ते त्यानंतर उरलेल्या पाण्याचे. हा कायदा कागदावर जितका देखणा आहे तितका अंमलात उतरलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही वाटपाचा क्रम उलटा केला की हिशेब कसा बदलतो, हे त्याच्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे आढळले नाही, कारण इतरत्र बहुधा आधी वाटप होते आणि नदीला व गरिबाला उरलेसुरले मिळते.

नसलेले पाणी कसे वाटले जाते, ते पाहायचे असेल तर कोलोरॅडो नदीसारखा दाखला नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकेतील सात राज्यांनी सांता फे येथे करार करून या नदीचे वरचे आणि खालचे असे दोन भाग पाडले व प्रत्येकाच्या नावावर वर्षाला सुमारे ९२५ कोटी घनमीटर पाणी लावले. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १८५ कोटी घनमीटर कबूल झाले. ज्या वर्षांच्या मोजणीवर हे आकडे बेतले ती वर्षे नेमकी भरपूर पाण्याची निघाली. नदीत एवढे पाणी टिकाऊपणे नाही, असा इशारा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील यूजीन लारू या जलशास्त्रज्ञाने त्याच काळात दिला होता. तो ऐकणे कोणाच्या सोयीचे नव्हते. आज तीन वाटेकऱ्यांच्या नावावरच्या पाण्याची बेरीज २,००० कोटी घनमीटरच्या वर जाते आणि या शतकात नदीचा नैसर्गिक प्रवाह वर्षाला सरासरी १,५०० कोटींच्या आसपास राहिला आहे. मधली तूट अनेक दशके धरणांत साठलेल्या पाण्याने झाकली. साठवण उतरत गेली आणि २०२२ मध्ये लेक मीड जलाशय क्षमतेच्या जेमतेम २७ टक्क्यांवर आला तेव्हा करारातली चूक सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसू लागली. जलाशयाच्या काठच्या खडकांवर उमटलेला पांढरा पट्टा हा त्या कराराचा खरा ताळेबंद होता.

या करारातली आणखी एक ओळ आपण अवश्य वाचावी. खोऱ्यात केंद्र सरकारची मान्यता असलेल्या तीस आदिवासी जमाती राहतात. त्यांच्याविषयी १९२२ च्या करारात एकच वाक्य आहे, आणि त्याचा आशय इतकाच की या करारामुळे जमातींप्रती असलेल्या अमेरिकेच्या कर्तव्यांना बाधा येत नाही. वाटप मात्र सातच जणांत झाले. नदीलाही वाटा नव्हता. गेली अनेक दशके ती एरवी समुद्रापर्यंत पोचत नाही. मेक्सिको आणि अमेरिका यांनी २०१२ मध्ये केलेल्या समझोत्यानुसार २०१४ च्या वसंतात काही आठवडे मुद्दाम पाणी सोडण्यात आले, तेव्हा तिची आणि समुद्राची थोडा वेळ गाठ पडली. कोरड्या पात्रात पाणी येताना पाहायला माणसे काठावर जमली होती. या नदीतल्या टंचाईच्या काळासाठी २००७ मध्ये केलेले नियम २०२६ च्या अखेरीस, म्हणजे आपल्या परिषदेच्याच महिन्यात संपत आहेत. आपल्यातल्या प्रत्येकाने मायदेशातली एखादी नदी डोळ्यांसमोर आणून हाच वजाबाकीचा प्रयोग करून पाहावा.

कोलोरॅडोत आकडा चुकला. नाईलच्या बाबतीत बैठकीलाच माणसे कमी होती. इजिप्त आणि सुदान यांनी १९५९ मध्ये आस्वानपाशी नदीचा वार्षिक प्रवाह ८,४०० कोटी घनमीटर धरला, त्यातले १,००० कोटी बाष्पीभवनात जाणार असे मानले आणि उरलेले सगळे आपसांत वाटून घेतले: इजिप्तला ५,५५०, सुदानला १,८५०. बेरीज बिनचूक आहे, शिल्लक शून्य. पण आस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून येते त्या देशाचा या वाटपात उल्लेखही नव्हता. इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर ७,४०० कोटी घनमीटर क्षमतेचे महाधरण बांधायला घेतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. तोवर वाटाघाटींच्या कितीतरी फेऱ्या होऊनही दुष्काळात धरणातून किती पाणी सोडायचे, याबद्दल बंधनकारक लेखी समझोता झालेला नव्हता. इजिप्तची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या देशात पाऊस जवळजवळ पडत नाही आणि नव्वद टक्क्यांहून अधिक गोडे पाणी एकाच नदीतून येते, तो देश जुन्या कागदाला घट्ट धरून बसणारच. परंतु ज्या कागदावर वरच्याची सही नाही तो कागद खालच्याचे रक्षण करू शकत नाही, एवढे तरी या पासष्ट वर्षांनी सिद्ध केले आहे. पांढऱ्या व निळ्या नाईलच्या वरच्या भागातील देशांनी पुढे केलेला सहकार्याचा आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये अंमलात आला. त्यात इजिप्त व सुदान नाहीत. आधी वरचे बाहेर होते, आता खालचे.

मध्य आशियातील आमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांची कथा बहुतेकांना अरल समुद्राच्या छायाचित्रांमुळे ठाऊक असते: वाळूत रुतलेल्या बोटी आणि मागे हटत गेलेला किनारा. १९६० च्या सुमारास जगातले चौथ्या क्रमांकाचे असलेले हे सरोवर कापसासाठी या दोन नद्यांचे पाणी वळवल्यामुळे आटले. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग अधिक बोधक वाटतो. सोव्हिएत काळात किर्गिझस्तानातील टोक्तोगुल धरण उन्हाळ्यात खालच्या प्रजासत्ताकांच्या शेतांसाठी पाणी सोडत असे, आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्यासाठी किर्गिझस्तानला कोळसा व वायू मिळत असे. मॉस्कोतून एकच हात दोन्ही वह्या चालवत होता. १९९१ नंतर वह्या वेगळ्या झाल्या. नव्या देशांनी १९९२ मध्ये पाण्याचे जुने वाटे जसेच्या तसे कायम ठेवले, पण इंधन बाजारभावाने मागायला सुरुवात केली. मग किर्गिझस्तानने थंडीत वीज करण्यासाठी हिवाळ्यात पाणी सोडले, खाली पूर आले, आणि उन्हाळ्यात शेते तहानली. १९९८ मध्ये देवाणघेवाणीचा करार झाला, तोही फार काळ टिकला नाही. पाण्याचा हिशेब विजेच्या आणि धान्याच्या हिशेबापासून तोडला की काय होते, हे यापेक्षा स्पष्ट कोणता अहवाल सांगेल? आणि त्या १९९२ च्या व्यवस्थेत अफगाणिस्तानला जागा नव्हतीच. आता त्या देशाने आमू दर्यातून पाणी नेणारा सुमारे २८५ किलोमीटर लांबीचा कुश तेपा कालवा खणायला घेतला आहे. कालव्यातून किती पाणी जाईल आणि गळतीत किती मुरेल, याचे उत्तर देण्यास बांधील अशी कोणतीही संयुक्त समिती नाही.

यावर उपाय म्हणून माझ्या मते आपण एक जुनी रीत पुन्हा अभ्यासावी. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय बसते. न्यायाधीश म्हणजे आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी स्वतःतून निवडलेले आठ जण. ज्या कालव्याची तक्रार असेल त्याचा प्रतिनिधी निर्णयात भाग घेत नाही, सगळे कामकाज तोंडी चालते आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. युनेस्कोने २००९ मध्ये या न्यायालयाला अमूर्त वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे पर्यटक आता छायाचित्रे काढायला येतात. पण त्याचे मर्म छायाचित्रात येत नाही. तिथे कोणाच्याही नावावर ठरावीक घनमीटर नाहीत. नदीत असेल त्या पाण्याचा अमुक हिस्सा, असा प्रत्येक कालव्याचा हक्क आहे. नदी भरली तर सर्वांचे भरते, आटली तर सर्वांचे त्याच प्रमाणात आटते. ज्या वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही २००९ च, हा योगायोग. पण सामायिक संसाधने वापरणारी माणसे स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे त्यांनी ज्या उदाहरणांवरून दाखवले त्यांत असेच कालवे होते.

हिस्स्याचे हे तत्त्व मोठ्या खोऱ्यात चालते का? ऑस्ट्रेलियातील मरे–डार्लिंग खोऱ्याने ते चालवून दाखवले आहे, अर्ध्यावर का होईना. तिथे पाण्याचा कायम हक्क म्हणजे उपलब्ध पाण्यातला वाटा, आणि त्या वाट्यापोटी यंदा किती टक्के मिळणार ते हंगाम पाहून जाहीर होते. एकूण उपशावर १९९५ मध्ये मर्यादा घातली गेली, दीर्घ दुष्काळाच्या ऐन मध्यात २००७ चा जल कायदा आला आणि २०१२ च्या खोरे आराखड्याने नदीसाठी पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट ठरवले. सरकारने त्यासाठी शेतकऱ्यांकडून हक्क विकतही घेतले. जगात एखाद्या देशाने जास्तीचे वाटून टाकलेले पाणी इतक्या मोठ्या प्रमाणावर मागे घेतल्याची दुसरी उदाहरणे फार नाहीत. दोष मात्र झाकू नयेत. खोऱ्याच्या उत्तर भागात अनेक मोठ्या पंपांना मीटरच नव्हते, हे २०१७ मध्ये उघडकीस आले. २०१८–१९ च्या उन्हाळ्यात मेनिन्डीपाशी नदीत माशांचा खच पडला. आणि मूळ रहिवाशांच्या नावावरचे पाण्याचे हक्क आजही नगण्य आहेत. हिस्सा मोजल्याशिवाय हिस्सा नसतो, हा त्यातला पहिला धडा. दुसरा असा की वाटे विकण्या-घेण्याची मुभा देण्याआधी कोणाला वाटा मिळालाच नाही ते पाहून घ्यावे लागते. चिलीने १९८१ च्या जलसंहितेत पाण्याचे हक्क कायमचे, फुकट आणि विक्रीयोग्य करून टाकले तेव्हा हे पाहिले गेले नव्हते. पेटोर्कासारख्या कोरड्या खोऱ्यात निर्यातीच्या फळबागा हिरव्या राहिल्या आणि शेजारच्या वस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले. माणसाच्या वापराला प्राधान्य आणि नव्या हक्कांना तीस वर्षांची मुदत देणारी दुरुस्ती व्हायला २०२२ साल उजाडले, आणि तोवर वाटायचे फारसे शिल्लक नव्हते.

इथे सरकारी की खासगी हा वाद कोणीतरी उपस्थित करणारच. बोलिव्हियातील कोचाबाम्बाच्या जनतेने २००० साली खासगी कंत्राट रद्द करायला लावले, पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा पुन्हा नगरपालिकेकडे घेतला, इंग्लंडने १९८९ पासून तो कंपन्यांकडे ठेवला आहे. माझा कल सार्वजनिक व्यवस्थेकडे आहे, हे लपवत नाही. पण या वादाने परिषदांचा जितका वेळ खाल्ला तितका तो मोलाचा नव्हता, असेही मला वाटते, कारण शहराच्या नळातून वाहणारे पाणी एकूण उपशाचा लहान हिस्सा आहे आणि ज्या दोन ठिकाणी खरी लूट चालते तिथे या वादाचा उजेड पोचत नाही.

त्यातले पहिले ठिकाण जमिनीखाली आहे. नदी दोन देशांना दिसते, भूजल दिसत नाही, म्हणून बहुतेक करार ते नाहीच असे गृहीत धरून लिहिलेले आहेत. सौदी अरेबियाने हजारो वर्षांपूर्वीचे, आज पुन्हा न भरणारे भूजल उपसून गव्हात स्वयंपूर्णता मिळवली, काही काळ गहू निर्यातही केला, आणि २००८ मध्ये हा खेळ परवडणारा नाही हे ओळखून २०१६ पर्यंत सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवली. त्या देशाने निदान आपली चूक आपल्या वहीत लिहिली. याउलट अनेक देशांत वीज फुकट किंवा जवळजवळ फुकट देऊन सरकारच उपशाला उत्तेजन देते आणि वर विहिरी खोल गेल्याची हळहळ व्यक्त करते. २००२ पासून ग्रेस आणि त्यांच्या जागी आलेले उपग्रह पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून साठ्यांमधली घट मोजत आहेत. तेव्हा मोठ्या खोऱ्यांतला उपसा लपवणे आता शक्य राहिलेले नाही. लपवता येत नाही ते निदान जाहीर तरी करावे.

भूजल सीमेपलीकडच्या शेजाऱ्याबरोबर सांभाळता येते, हेही सिद्ध झालेले आहे. जिनिव्हाखालचा जलधर, म्हणजे भूजल साठवणारा खडकांचा थर, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्यात विभागलेला आहे. उपशाने त्याची पातळी खालावल्यावर दोन्ही बाजूंच्या स्थानिक शासनांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस करार केला, आर्व्ह नदीचे पाणी शुद्ध करून जमिनीत मुरवायला सुरुवात केली, पुनर्भरणाचा खर्च वाटून घेतला आणि प्रत्येक विहिरीवरचा उपसा मोजण्याचे बंधन घातले. २००७ मध्ये कराराचे नूतनीकरण झाले. यात कोणते मोठे तत्त्वज्ञान नाही. एक संयुक्त आयोग, काही मीटर आणि दरवर्षी मांडला जाणारा खर्च. दक्षिण अमेरिकेतील चार देशांनी ग्वारानी जलधराचा करार २०१० मध्ये केला आणि तो अंमलात यायला दहा वर्षे लागली. जगात सीमा ओलांडणारे जलधर काही शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यासाठी झालेले करार एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘पाणी बचत’ हा शब्द. ठिबक आणि तुषार सिंचनावर सरकारे अनुदान देतात आणि मग अमुक टक्के पाणी वाचले असे जाहीर करतात. शेतकऱ्याच्या बांधापुरते ते खरेही असते. परंतु जुन्या पाटपाण्यातले ‘वाया गेलेले’ पाणी कुठे जात होते? त्यातले बरेचसे जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीत किंवा खालच्या नदीत परत येत होते. ठिबकने ते थांबले. आणि वाचलेले पाणी नदीत राहण्याऐवजी त्याच शेतकऱ्याने आणखी जमीन भिजवण्यासाठी किंवा अधिक पाण्याचे पीक घेण्यासाठी वापरले, की पिकांमधून हवेत जाणारे पाणी वाढते आणि खोऱ्यात उरणारे घटते. शेतकऱ्याचा यात दोष नाही, त्याने शहाणपणाच केला. आणि ठिबक वाईट असे तर मी मुळीच म्हणत नाही, कारण खते, मजुरी आणि उत्पन्न या सगळ्यांत त्याचे फायदे आहेत. पण एकूण उपशावर मर्यादा न घालता बचतीचे अनुदान दिले तर सरकारच्या पैशाने नदी अधिक आटते. ज्या देशांच्या वचननाम्यात सूक्ष्म सिंचनाखालचे क्षेत्र हेच यश म्हणून लिहिलेले आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी शेजारी आणखी एक रकाना आखावा: खोऱ्यातून बाहेर पडणारे पाणी वाढले की घटले?

समुद्राचे पाणी गोडे करण्याविषयी अबुधाबीत पुष्कळ बोलले जाईल, आणि पिण्यासाठी ते अनेक किनारी देशांना तारून नेते हे खरे आहे. मात्र जगाच्या शेतीला पुरेल इतके पाणी त्या किमतीत आणि त्या विजेत होणार नाही, तेव्हा वाटपाच्या प्रश्नावरचे उत्तर म्हणून ते कोणी पुढे करू नये. नामिबियाच्या विंडहूक शहराने १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या नळात घेतले, तो मार्ग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

सहयजमान सेनेगलविषयी मला स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण या परिषदेतला सर्वांत उपयुक्त अनुभव कदाचित त्याच देशाकडे आहे. सेनेगल नदीवरच्या माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या देशांनी मिळून १९७२ मध्ये एक संघटना स्थापन केली. गिनी २००६ मध्ये तीत सामील झाला. १९७८ च्या कराराने या देशांनी असे ठरवले की नदीवरची मोठी कामे कोणत्याही एका देशाची नसतील, सर्वांच्या सामायिक मालकीची असतील. मनान्ताली धरण मालीच्या भूमीवर आहे, पण ते मालीचे नाही. वीज, पाणी आणि कर्जाचा बोजा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात झाला, संबंध तुटले, तरी संघटना मोडली नाही. ज्या अभियंत्यांनी ती चालवली त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. अर्थात या कथेलाही काळी बाजू आहे: दियामा बंधाऱ्याने समुद्राचे खारे पाणी अडले आणि नदीच्या संथ गोड्या पाण्यात गोगलगायी वाढून रिशार तोल परिसरात बिलहार्झिया रोगाची मोठी साथ आली, पूर ओसरल्यावर ओलीवर पीक घेणाऱ्यांची शेतीही गेली. धरणांवरच्या जागतिक आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये दिलेल्या अहवालात मोठ्या धरणांनी जगभर चार ते आठ कोटी माणसे विस्थापित केल्याचा अंदाज मांडला होता. दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल त्या आयोगाचे अध्यक्ष होते, सदस्यांत धरणे बांधणारे होते आणि मेधा पाटकर यांच्यासारख्या धरणांविरुद्ध लढणाऱ्याही होत्या. परस्परविरोधी माणसांनी दोन वर्षे बसून एकत्र सही केलेला तो कागद पुढे बहुतेक सरकारांनी फडताळात ठेवला. पंचवीस वर्षांनी तो बाहेर काढायला हरकत नसावी.

आता कायद्याविषयी थोडेसे. सीमा ओलांडणाऱ्या नद्यांच्या वापराविषयीचा करार आमसभेने मे १९९७ मध्ये १०३ विरुद्ध ३ मतांनी स्वीकारला. विरोधात तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी होते, तर २७ देश तटस्थ राहिले. न्याय्य व वाजवी वापर आणि शेजाऱ्याला गंभीर इजा न करणे ही त्याची दोन मुख्य सूत्रे. तो अंमलात यायला २०१४ चा ऑगस्ट लागला, आणि आजही ४० च्या आसपासच देश त्यात आहेत. युरोप आणि त्याच्या आसपासच्या देशांपुरता असलेला १९९२ चा हेलसिंकी करार २०१६ पासून सर्व जगाला खुला झाला. चाड आणि सेनेगल हे आफ्रिकेतले पहिले सदस्य २०१८ मध्ये आले आणि आता त्यात पन्नासहून अधिक देश आहेत. जे देश या दोन्हींच्या बाहेर आहेत, आणि त्यांत लोकसंख्येने व नद्यांनी मोठे असलेले देश आहेत, त्यांनी परिषदेत भाषण करण्याआधी बाहेर राहण्याचे कारण सांगावे. नवा करार मागण्यापेक्षा जुन्यांवर सही मागणे मला अधिक निकडीचे वाटते. द्विपक्षीय करार पुरेसे आहेत हा युक्तिवाद एप्रिल २०२५ पर्यंत तरी करता येत होता. १९६० चा सिंधू जलकरार तीन युद्धांतून तगला आणि त्या महिन्यात स्थगित झाला. त्यातले राजकारण या पत्राचा विषय नाही. पण दोघांतला करार थांबला की पुराची आणि विसर्गाची माहिती देण्याची बांधीलकीही त्याच्याबरोबर थांबते, आणि पूर येतो तेव्हा काठावरच्या माणसाला राजकारण वाचवत नाही.

माहिती ही त्यामुळे माझ्या मागणीतली किमान पायरी आहे. मेकाँगवर पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा तोन्ले साप नदी उलटी वाहून कंबोडियातील विशाल सरोवर भरते आणि त्या सरोवरातल्या माशांवर लाखो लोक जगतात. पाणी कधी चढेल हे वरच्या धरणांच्या दरवाजांवरही अवलंबून आहे. चीन आधी फक्त पावसाळ्यातली नोंद खालच्या देशांना देत असे. २०२० मध्ये त्याने वर्षभराची नोंद देण्याचे मान्य केले. एवढ्याशा गोष्टीला दोन दशके लागली. नदीतली पातळी आणि धरणातला विसर्ग या नोंदी लष्करी गुपितासारख्या जपणाऱ्या देशांनी आपापल्या जलखात्याला एकच आदेश द्यावा: रोजची नोंद रोज प्रसिद्ध करा. त्याला निधी फारसा लागत नाही, तहही लागत नाही.

शेवटचा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेचा. संयुक्त राष्ट्रांनी पुढची जलपरिषद २०२८ मध्ये ताजिकिस्तानात भरवण्याचे ठरवले आहे. तो देश आमू दर्याच्या उगमाकडचा. अबुधाबीत आपण जी काही घोषणा कराल तिच्यात एवढे कलम घालावे की २०२८ मध्ये प्रत्येक सदस्य राष्ट्र आपल्या सर्वांत मोठ्या खोऱ्याचा आणि सर्वांत मोठ्या जलधराचा ताळेबंद, आवक, वाटप, प्रत्यक्ष उपसा आणि समुद्रापर्यंत किंवा शेजाऱ्यापर्यंत पोचलेले पाणी अशा चार रकान्यांत, परिषदेच्या सहा महिने आधी प्रसिद्ध करील, आणि त्याच खोऱ्यातल्या इतर देशांना त्यावर लेखी हरकत नोंदवता येईल. ताजिकिस्तानातल्या त्या बैठकीत आमू दर्याचा ताळेबंद वाचला जाईल तेव्हा कुश तेपा कालव्यावर काम करणाऱ्या अभियंत्यासाठी, काबूलच्या सरकारला कोणी मान्यता दिलेली असो वा नसो, एक खुर्ची आणि एक दुभाष्या ठेवण्याची तजवीज आताच करावी.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक